‘दिवस गेले’ म्हणजे शरीरात नेमकं काय झालं?

नवरा पुण्याला कंपनीत कामाला. १२ जूनला सुट्टी काढून सोलापूरला घरी आला. १३ जुलैला बायकोची सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टवर आलं, गर्भ ६ आठवड्यांचा. नवरा बोटं मोजतो. आपण येऊन जेमतेम महिना झाला, मग सहा आठवडे कसे? तोंडावर कुणी विचारत नाही, पण घरात कुजबुज सुरू होते आणि जिचं काहीच चुकलेलं नाही ती बाई मान खाली घालून बसते.

इथे रिपोर्ट बरोबर आहे आणि नवऱ्याचा हिशेबही बरोबर आहे. दोघांनी मोजायला वेगवेगळ्या दिवसापासून सुरुवात केली, एवढंच. हे उलगडायचं तर गर्भ कुठे, कधी आणि किती दिवसांत धरतो हे मुळापासून पाहायला हवं. दहावीच्या विज्ञानात हा धडा आहे, पण कितीतरी वर्गांत तो ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडला जातो. घरी तो कुणी वाचत नाही, आणि मग लग्नानंतर हे अज्ञान महागात पडतं.

आधी जागा ओळखून घेऊ

गर्भाशय, म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो ती, उलट्या धरलेल्या छोट्या पेरूएवढी असते. तिचं तोंड खाली योनीत उघडतं. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन नळ्या निघतात. त्यांना बीजवाहिन्या म्हणतात. प्रत्येक नळी १० ते १२ सेंटीमीटर लांब असते, पण पिशवीजवळ तिची आतली वाट एक मिलिमीटर किंवा त्याहूनही अरुंद असते. दुसऱ्या टोकाला ती रुंद होते आणि तिथे साडीच्या पदराला गोंडे असावेत तशी झालर असते. झालरीशेजारी सालासकट बदामाएवढा बीजकोश असतो. नळी आणि बीजकोश एकमेकांना जोडलेले नसतात, हे लक्षात असू द्या.

स्त्रीबीज आणि शुक्राणू एक होण्याला फलन म्हणतात. ते पिशवीत होतं असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ते नळीत होतं, झालरीच्या बाजूच्या रुंद भागात. नळी बंद असेल तर पिशवी कितीही चांगली असली तरी दिवस का राहत नाहीत, याचं उत्तर इथेच आहे.

बीज येतं महिन्यातून एकदा, तेही एका दिवसासाठी

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत १० ते २० लाख बीजं असतात. नंतर नवी तयार होत नाहीत. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि त्यातली जेमतेम चारशे-पाचशे आयुष्यभरात बाहेर पडतात. ही सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात आणि अर्धवट विभाजनाच्या अवस्थेत थांबून राहतात. तिशीतल्या बाईचं बीज तिच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठंच असतं. इतकी वर्षं थांबलेल्या पेशीत पुढे विभाजनाच्या चुका होण्याचं प्रमाण वाढतं. पस्तिशीनंतर गर्भ राहणं अवघड होतं आणि गर्भपात वाढतात, याचं मोठं कारण हेच.

दर महिन्याला काही बीजं वाढीला लागतात आणि त्यातलं सहसा एकच पुढे जातं. त्याच्याभोवती पाण्याचा फुगा असतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर जिला ‘फॉलिकल’ म्हणतात ती हीच. ती १८ ते २४ मिलिमीटरची झाली की मेंदूखालच्या ग्रंथीतून एलएच नावाचं संप्रेरक (हार्मोन) एकदम उसळतं. त्यानंतर साधारण ३६ तासांत फुगा फुटतो आणि बीज बाहेर येतं. नळीची झालर बीजकोशावरून फिरते आणि बीज अलगद आत ओढून घेते. बीज सुमारे ०.१ मिलिमीटरचं असतं, म्हणजे बारीक टिंबाएवढं. शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी ती एक आहे, पण तिला स्वतःला हलता येत नाही. नळीच्या आतल्या मखमलीसारख्या केसांची लाट तिला पुढे सरकवते. तिचं आयुष्य १२ ते २४ तास.

शुक्राणू मात्र अनुकूल दिवसांत स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. हिशेबाची सगळी गंमत या फरकात आहे. नळाला रोज पाणी न येण्याची सोलापूरकरांना वर्षानुवर्षांची सवय आहे. पाणी सुटल्यावर कुणी पिंप शोधायला जात नाही. आदल्या रात्रीच घासून, तोटीखाली लावून ठेवतात. गर्भधारणेचंही तसंच आहे. बीज येण्याआधीच शुक्राणू नळीत थांबलेले असले पाहिजेत. बीज सुटल्यावर धावपळ केली तर बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून गर्भ राहू शकेल असे दिवस महिन्यात सहाच असतात. बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो दिवस. त्यातले शेवटचे दोन-तीन सर्वांत चांगले.

चौदावा दिवस कुणाचा?

‘पाळीच्या चौदाव्या दिवशी’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि त्यानेच अनेकांचे महिने वाया जातात. चौदा दिवस मोजायचे ते मागच्या पाळीपासून पुढे नव्हेत, येणाऱ्या पाळीपासून मागे. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींत १२ ते १४ दिवसांचा आणि बऱ्यापैकी ठरलेला असतो. बदलतो तो पहिला भाग.

पाळी २८ दिवसांची असेल तर बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं आणि नववा ते चौदावा हे सहा दिवस महत्त्वाचे. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर बीज एकविसाव्या दिवशी सुटतं, मग सोळावा ते एकविसावा. अशी बाई चौदाव्याच्या नादात राहिली तर नेमके दिवस हातचे जातात. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. काहीजणी डोक्यावरून अंघोळ केल्याच्या दिवसापासून मोजतात. त्याने हिशेब चार-पाच दिवस चुकतो.

पाळी अनियमित असेल, पीसीओडी (बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) असेल, तर आकडेमोड सोडून शरीराची खूण पाहावी. एरवी घट्ट, चिकट असणारा योनीतला स्राव बीज सुटण्याआधी पातळ, पारदर्शक आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा होतो. दोन बोटांत धरून ताणला तर तार निघते. ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून पुष्कळजणी याला घाबरतात. घाण वास, खाज किंवा पिवळा-हिरवा रंग नसेल तर तो आजार नाही. शुक्राणूंसाठी वाट उघडल्याची ती खूण आहे. मेडिकलमध्ये एलएच तपासण्याच्या पट्ट्याही मिळतात. पट्टीवर खूण उमटली की पुढच्या एक-दीड दिवसात बीज सुटतं. एवढीही कटकट नको असेल तर पाळी थांबल्यापासून दिवसाआड संबंध ठेवले तरी पुरतं. एक सांगायला हवं. हा हिशेब गर्भ राहावा म्हणून चांगला आहे, टाळण्यासाठी मात्र भरवशाचा नाही.

कोटींतून शे-दोनशे

एका शुक्राणूची लांबी सुमारे ०.०५ मिलिमीटर. योनीपासून नळीच्या टोकापर्यंत त्याला १५ सेंटीमीटरहून जास्त जायचं असतं. माणसाच्या मापात बसवलं तर हे अंतर पाचएक किलोमीटर भरतं. एका वेळच्या वीर्यात बहुधा काही कोटी शुक्राणू असतात, नळीच्या रुंद भागापर्यंत पोहोचतात ते काही शे, कधी त्याहून कमी. बाकीचे कुठे जातात? योनी आम्लधर्मी असते, तिथे बहुतेक काही तासांत मरतात. कितीतरी बाहेर सांडतात. पिशवीच्या तोंडाशी असलेल्या स्रावाच्या जाळीत वाकडे-तिकडे अडकतात. आत गेलेल्यांवर पांढऱ्या पेशी तुटून पडतात. उरलेल्यांतले बरेचसे त्या महिन्यात बीज नसलेल्या नळीत शिरतात.

शुक्राणू एकटा पोहून हे अंतर कापतो असंही नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत माणूस पायांनी कमी चालतो, लोटला जास्त जातो. तसंच पिशवीच्या स्नायूंच्या बारीक आकुंचनांमुळे काही शुक्राणू मिनिटांतच नळीपर्यंत लोटले जातात. पण फलन करतात ते बहुधा हे नव्हेत. काम करतात ते मागून सावकाश येणारे, नळीच्या अरुंद भागाच्या भिंतीला चिकटून विसावलेले.

विसाव्याचं कारण आहे. नवाकोरा टॉवेल खळ धुतल्याशिवाय पाणी टिपत नाही, हे सोलापुरात कुणाला शिकवायला नको. नुकताच बाहेर पडलेला शुक्राणूही तसाच असतो, बीजाशेजारी नेऊन ठेवला तरी आत शिरू शकत नाही. स्त्रीच्या शरीरात काही तास घालवल्यावर त्याच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल आणि वीर्यातून आलेली प्रथिनं निघून जातात, शेपटीचे फटकारे जोरकस होतात आणि मग तो कामाचा होतो. ही तयारी १९५१ मध्ये चँग आणि ऑस्टिन या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करताना ओळखली. शरीराबाहेर फलन घडवण्यातलं मोठं कोडं त्यामुळे सुटलं. पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जगात १९७८ ला आलं. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाने ते १९८६ ला करून दाखवलं. आजही पिशवीत वीर्य सोडण्याच्या उपचाराआधी लॅबमध्ये शुक्राणू ‘धुतात’, त्यामागचं एक कारण हेच.

भेटीचे काही तास

बीज नळीत एकटं नसतं. त्याच्याभोवती मऊ, चिकट पेशींचा ढग असतो आणि त्याच्या आत पारदर्शक कवच. ढगातल्या पेशी प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडतात, त्याच्या दिशेने तयार झालेले शुक्राणू वळतात. शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी एक पिशवी असते. ती फुटली की आतली पाचक द्रव्यं आणि शेपटीचा जोर या दोन्हींच्या बळावर तो कवचातून वाट काढतो.

आत बीजाच्या त्वचेवर ओळख पटवण्याची वेळ येते. शुक्राणूवरचं एक प्रथिन बीजावरच्या प्रथिनाला कुलूप-किल्लीसारखं बसतं. शुक्राणूवरचं २००५ मध्ये जपानी संशोधकांना सापडलं. त्यांनी विवाहबंधांशी नातं सांगणाऱ्या जपानी देवस्थानावरून त्याला ‘इझुमो’ नाव दिलं. बीजावरचं जोडीदार प्रथिन २०१४ मध्ये सापडलं, त्याला विवाहाच्या रोमन देवतेचं ‘जुनो’ हे नाव मिळालं. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या लग्नातल्या अक्षता पाहणाऱ्या गावाला या नावांमागची भावना वेगळी सांगावी लागणार नाही.

एक शुक्राणू आत गेला की बीजात कॅल्शियमच्या लाटा उठतात. कडेला दडवलेल्या असंख्य कुप्या फुटतात, त्यातली द्रव्यं कवचात पसरतात आणि कवच असं बदलतं की दुसऱ्याला शिरता येत नाही. ही कडी लागणं जीवनमरणाचं असतं. आईकडून २३ गुणसूत्रं येतात, बापाकडून २३. गुणसूत्रं म्हणजे शरीर कसं घडवायचं याची माहिती साठवलेले धागे. दुसरा शुक्राणू आत आला तर ४६ ऐवजी ६९ होतात आणि तसा गर्भ टिकत नाही.

इथेच ते वर्षानुवर्षं थांबलेलं विभाजन पूर्ण होतं. बीज आपला जास्तीचा संच बाहेर टाकतं. मग १६ ते १८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोल केंद्रं शेजारी शेजारी दिसतात, एक आईचं, एक बापाचं. मागावर ताणा आणि बाणा दोन्ही चढल्याशिवाय कापड होत नाही, तशी ही दोन्ही केंद्रं जवळ येतात, धागे एकत्र मांडले जातात आणि पहिल्या दिवसानंतर काही तासांत एका पेशीच्या दोन होतात. विभाजनाची मांडणी करणारी रचना शुक्राणूकडून येते. पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक घटक (मायटोकॉन्ड्रिया) मात्र आईचेच टिकतात.

पहिला पोहोचतो तोच जिंकतो ना?

असं चित्र आपल्या मनात पक्कं बसलं आहे, पण ते चुकीचं आहे. पहिले पोहोचलेले तयार नसतात. वाट निवडण्यात, अडवण्यात, थांबवण्यात, बोलावण्यात आणि शेवटी दार लावण्यात स्त्रीच्या शरीराचा वाटा मोठा आहे. ‘बी पुरुषाचं आणि बाई म्हणजे जमीन’ ही म्हण तर साफ खोटी ठरते. बी दोघांचं असतं, आणि आकाराने पाहिलं तर जवळजवळ सगळं सामान बाईचं.

फलन झालं, पण दिवस अजून गेलेले नाहीत

दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ, चौथ्या दिवशी तुतीच्या फळासारखा गोळा. हे सगळं नळीतून पिशवीकडे सरकत असताना चालतं. पाचव्या दिवशी तो आतून पोकळ होतो, कवच फोडून बाहेर येतो आणि फलनानंतर साधारण सहा ते दहा दिवसांत पिशवीच्या अस्तरात रुततो. रुतल्यावर त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतात. ते बीजकोशाला सांगतं की अस्तर टिकवणारं प्रोजेस्टेरॉन थांबवू नको. ते चालू राहतं, अस्तर गळत नाही, पाळी चुकते.

लघवीच्या तपासणीत हेच एचसीजी दिसतं. म्हणून संबंधानंतर चार दिवसांनी केलेल्या तपासणीला अर्थ नाही. पाळी चुकल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीवर करावी. आशाताईंकडचं ‘निश्चय’ किट त्यासाठी पुरेसं आहे. एकच रेघ आली आणि तरी पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा करावी. रुतण्याआधीच गळून गेलेल्या गर्भांची तर बाईला खबरही नसते. निरोगी तरुण जोडप्यातही दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता २० ते २५ टक्केच असते, त्यात अशा गळतीचाही वाटा आहे. त्यात कुणाचा दोष नसतो.

आता सुरुवातीचं कोडं सोडवू. फलनाचा दिवस बाहेरून कळत नाही, पाळीचा दिवस मात्र बाईला माहीत असतो. म्हणून जगभरचे डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या बाईची पाळी १ जूनला आली. बीज सुटलं १५ जूनला, फलन तेव्हाच. १३ जुलैला फलनाला झाले २८ दिवस, म्हणजे चार आठवडे. पाळीला झाले ४२ दिवस, म्हणजे सहा. सोनोग्राफीचं यंत्रही गर्भाची लांबी मोजून वय याच पद्धतीने छापतं. पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नसतोच, तरी ते धरले जातात. नवरा १२ जूनला आला, म्हणजे हिशेब चोख जमतो. प्रसूतीची अंदाजे तारीख निघते ८ मार्च.

गर्भ वाटेतच रुतला तर

शंभरात एक-दोन गर्भ पिशवीपर्यंत न येता बाहेरच रुततात, बहुधा नळीतच. नळीतले ते मऊ केस खराब झालेले असले की असं होतं. त्यामागे जुना जंतुसंसर्ग, नळीवर झालेली शस्त्रक्रिया किंवा आपल्या देशात बऱ्याचदा प्रजनन अवयवांचा क्षयरोग असतो. हा क्षय खोकला न येताही असू शकतो. नळी पिशवीसारखी ताणत नाही, गर्भ वाढला की ती फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. पाळी चुकलेली आहे, एका बाजूला ओटीपोटात दुखतंय, थोडं थोडं अंगावरून जातंय, खांद्याच्या टोकाशी कळ येते किंवा चक्कर येते, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री असेल तर रात्रीच दवाखाना गाठावा. तपासणीत दोन रेघा आल्या म्हणजे गर्भ पिशवीतच आहे, असं होत नाही. ते सोनोग्राफीच सांगते.

वीर्य बाहेर येतं, मग गर्भ कसा राहणार?

वीर्य आधी घट्ट होतं आणि १५ ते ३० मिनिटांत पातळ होऊन बाहेर वाहतं. हे प्रत्येकीच्या बाबतीत होतं. जे शुक्राणू कामाचे आहेत ते तोवर पिशवीच्या तोंडातल्या स्रावात शिरलेले असतात. भिंतीला पाय लावून तासभर पडून राहण्याची गरज नाही.

जुळी केळी आणि मुलगा-मुलगी

जोडकेळं खाऊन जुळी होत नाहीत. एका महिन्यात दोन बीजं सुटून दोन्ही फळली, किंवा एकाच गर्भाचे सुरुवातीला दोन भाग झाले, तरच होतात. मुलगा की मुलगी हे शुक्राणू ठरवतो. बीजात नेहमी ‘एक्स’ गुणसूत्र असतं. शुक्राणूत ‘एक्स’ असेल तर मुलगी, ‘वाय’ असेल तर मुलगा. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरात हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशभरचा १९९४ चा.

वर्ष झालं तरी राहत नाही

नियमित संबंध असूनही वर्षभरात, बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांत, गर्भ राहिला नाही तर तपासणी करावी. आपल्याकडे आधी सुनेची सोनोग्राफी, मग नळ्यांची तपासणी, मग नवस, आणि सगळ्यात शेवटी, तेही नाखुशीने, नवऱ्याची चाचणी. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं आणि त्याची तपासणी सर्वांत सोपी, सुई न टोचता होणारी आहे. ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापाने खालची मर्यादा अशी: वीर्य १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के. याहून कमी म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, शक्यता कमी होते. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला अडीच-तीन महिने लागतात आणि त्यांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं. वृषणं शरीराबाहेर लोंबतात ती त्यासाठीच. भट्टीपाशी किंवा तापलेल्या पत्र्याखाली दिवसभर काम, जोराचा ताप, विडी-सिगारेट आणि तंबाखू यांचा परिणाम आजच्या रिपोर्टवर दिसतो तो मागच्या तीन महिन्यांचा. मे महिन्यात टायफॉइड झाला असेल तर जुलैचा रिपोर्ट खराब येऊ शकतो. तो सप्टेंबरमध्ये पुन्हा करावा आणि मगच उपचार ठरवावा.

नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. सगळं वीर्य लॅबने दिलेल्या रुंद तोंडाच्या डबीत यावं. पहिलाच थेंब सांडला तर सर्वांत जास्त शुक्राणू त्यातच गेले असं समजावं आणि लॅबला तसं सांगावं. साधा कंडोम वापरू नये, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचा तर तासाभराच्या आत, डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून आणावी. फ्रिजमध्ये ठेवू नये आणि गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. सोलापूरच्या उन्हात अर्धा तास डिकीत राहिलेल्या नमुन्यावरून काहीच ठरवता येत नाही, तो पुन्हाच द्यावा लागतो.